पाठीची भूल, शिरोवेदना आणि चोवीस तासांची शय्या : चांदा-गडचिरोली वनप्रदेशातील प्रसूतिशस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक प्रकरण

शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीस ऑपरेशनच्या टेबलावरून खाटेवर आणून निजविल्यावर आपल्याकडील रुग्णालयांत एक आज्ञा हटकून दिली जात असे, आणि पुष्कळ ठिकाणी ती अद्यापही दिली जाते : उशी काढून घ्यावी, चोवीस तास मान उचलू नये, उचलल्यास डोकेदुखी जडेल. परिचारिका ही आज्ञा बाळंतिणीच्या सासूस सांगते आणि सासू ती पहारेकऱ्याच्या दक्षतेने अंमलात आणते. तिच्यामागील शास्त्र कोणते, ते कोठे व केव्हा ठरले, आणि ठरले असे ज्यास म्हणतात ते खरोखरीच ठरले होते काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वैद्यकाचे इतिहासकार रोगांच्या साथी, मोठमोठे शोध व रुग्णालयांच्या कोनशिला ह्यांत रमतात. खाटेवरील उशीचा इतिहास लिहिण्याचे त्यांच्या मनात येत नाही. चांदा आणि गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांच्या संदर्भात मात्र तो लिहिण्याजोगा आहे. ज्या प्रदेशात भूल देणारा तज्ज्ञ दुर्मिळ, रस्ता अपुरा आणि रक्तातील दोष पिढीजात, तेथे चोवीस तासांची निश्चलता ही निरुपद्रवी सावधगिरी राहत नाही. तिची किंमत द्यावी लागते.

प्रथम विषयाची ओळख करून घेणे इष्ट. रुग्णालयाच्या बोलीत जिला ‘पाठीची भूल’ किंवा नुसते ‘स्पायनल’ म्हणतात, त्या पद्धतीत कमरेच्या दोन मणक्यांमधून एक लांब, बारीक सुई आत घालतात. ती मज्जारज्जूभोवतीचे दृढ आवरण भेदून मेरुद्रवापर्यंत पोहोचली, की दोन-तीन मिलिलिटर औषध आत सोडतात. थोड्याच मिनिटांत छातीखालचे शरीर बधिर होते, पाय जड होतात. पण स्त्री शुद्धीवर असते व मुलाचे पहिले रडणे स्वतः ऐकते. सुई काढल्यावर आवरणास पडलेले छिद्र मात्र तत्काळ बुजत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात मेरुद्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो व दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. छिद्रातून होणारी गळती ह्या उत्पादनापेक्षा वरचढ ठरली, म्हणजे ज्या द्रवावर मेंदू जणू तरंगत असतो तो आधार उणा पडतो. माणूस उठून बसला की मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याची आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या जातात, शिवाय उणा पडलेला द्रव भरून काढण्यासाठी रक्तवाहिन्या फुगतात, आणि कपाळापासून मानेपर्यंत असह्य ठणका लागतो. आडवे होताच तो ओसरतो. उठल्यावर वाढणारी व निजल्यावर शमणारी, हीच ह्या शिरोवेदनेची ओळख होय. शेकडा सुमारे नव्वद रुग्णांत ती पहिल्या तीन दिवसांतच प्रकट होते, आणि तरुण स्त्रिया, त्यांतही नुकत्याच प्रसूत झालेल्या, तिला विशेषेकरून बळी पडतात.

ह्या वेदनेचे पहिले विश्वसनीय वर्णन एका रुग्णाने केले, आणि तो रुग्ण स्वतःच शस्त्रवैद्य होता, ही इतिहासातील एक मौजेची गोष्ट. जर्मनीतील कील येथे क्विंके ह्यांनी १८९१ मध्ये कमरेतून मेरुद्रव काढण्याची रीत रूढ केली होती. त्याच गावी ऑगस्ट बीअर ह्यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी घोट्याच्या सांध्याच्या क्षयाने पीडित अशा एका मजुरास कण्यातून कोकेन देऊन त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. आणखी काही रुग्णांच्या अनुभवानंतर, भूल तर चांगली मिळते पण मागाहून डोकेदुखी व वांती का होते ह्याचा छडा लावण्यासाठी, २४ ऑगस्ट रोजी त्यांनी आपले साहाय्यक हिल्डेब्रांट ह्यांच्याकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईच्या तोंडास नीट बसेना. औषध बाहेर सांडले आणि मेरुद्रव पुष्कळसा वाहून गेला. प्रयोग सोडून द्यावा लागला. मग बीअर ह्यांनी हिल्डेब्रांटवर तोच प्रयोग यशस्वी केला, त्याच्या बधिर पायावर नाना प्रकारचे आघात करून पाहिले, आणि संध्याकाळी दोघांनी भोजन, मद्य व चिरूट ह्यांनी यश साजरे केले. दुसऱ्या दिवसापासून बीअर ह्यांना जी डोकेदुखी लागली ती नऊ दिवस पुरली. आडवे होताच ती नाहीशी होते, हे त्यांनी नेमके टिपले आणि मेरुद्रवाच्या नाशाशी तिचा संबंध जोडला. १८९९ मध्ये हा सर्व वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी बाझेल येथे ओस्कार क्राइस ह्यांनी सहा प्रसववेदनाग्रस्त स्त्रियांवर ही रीत वापरली, आणि पाठीची भूल सूतिकागृहात शिरली.

बीअर ह्यांचे निरीक्षण अचूक होते. गफलत झाली ती पुढच्या पायरीवर. डोकेदुखी लागली असता निजल्याने आराम पडतो, ह्यावरून निजून राहिल्यास ती लागणारच नाही असे अनुमान काढण्यात आले. उपचारास प्रतिबंधाचे स्थान मिळाले. वस्तुतः निजलेल्या स्थितीत छिद्र लवकर बुजते असे कोणी दाखविले नव्हते. निजलेल्या माणसास वेदना जाणवत नाही, एवढेच दिसले होते. जी वेदना उठल्यावाचून कळतच नाही ती न उठणाऱ्यास कळली नाही, ह्यात नवल ते काय? चोवीस तासांनी रुग्ण उठतो आणि ती त्या वेळी कळते. नियम पाळला म्हणून ती उशिरा आली, असे न म्हणता तो पुरता पाळला गेला नसावा असे म्हटले जाते. ज्या नियमाचे अपयशही त्या नियमाच्याच बाजूने साक्ष देते, त्यास शंभर वर्षांचे आयुष्य लाभावे ह्यात आश्चर्य नाही.

ह्या गफलतीस आणखी एका गोष्टीची साथ मिळाली. भूल उतरेपर्यंत रुग्णाने निजून राहणे खरोखरच आवश्यक असते. पायांत बळ नसते, बधिर भागातील रक्तवाहिन्या सैल पडल्याने रक्तदाब उतरण्याचे भय असते, आणि एकदम उठवल्यास घेरी येऊन स्त्री पडू शकते. पण ही मुदत काही तासांचीच. पाय हलू लागले, स्पर्श कळू लागला, रक्तदाब स्थिर राहिला, की तिचे प्रयोजन संपते. काही तासांचा हा सार्थ नियम आणि चोवीस तासांचा तो निराधार नियम रुग्णालयीन व्यवहारात एकमेकांत इतके मिसळून गेले, की पहिल्याची विश्वासार्हता दुसऱ्यास आयतीच मिळाली. खाटेच्या पायथ्याकडील पायांखाली विटा ठेवून डोके खाली करण्याची जुनी चाल ह्याच मिश्रणातून आलेली दिसते.

वेदनेचे खरे कारण जे छिद्र, त्याकडे लक्ष देणारी एक दुसरी परंपराही होती. १९२६ मध्ये अमेरिकेतील ग्रीन ह्यांनी, सुईने आवरणाचे तंतू कापण्याऐवजी ते बाजूस सारावेत, असे प्रतिपादन केले. १९५१ मध्ये हार्ट व व्हिटेकर ह्यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी, बाजूस छिद्र असलेली सुई पुढे आणली. १९५६ मध्ये व्हँडम व ड्रिप्स ह्यांनी १०,०९८ वेळा दिलेल्या पाठीच्या भुलेचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि ह्या विषयास प्रथमच आकड्यांचा पाया मिळाला. एकंदर शेकडा ११ प्रसंगी डोकेदुखी झाली होती. पुरुषांत शेकडा ७, स्त्रियांत १४, आणि योनिमार्गे प्रसूत झालेल्या स्त्रियांत २२. सर्वांत जाड, म्हणजे १६ क्रमांकाच्या सुईने शेकडा १८ जणांना त्रास झाला, व सुई बारीक होत गेली तसा तो उतरत गेला. (सुईचा क्रमांक वाढतो तशी ती बारीक होते, हे येथे ध्यानात ठेवावे.) डोकेदुखीचे भवितव्य खाटेवर ठरत नसून सुईच्या टोकावर ठरते, हे त्या वर्षीच पुरेसे स्पष्ट व्हावयास हवे होते. पण सुई बदलण्यास पैसा व पुरवठा लागतो; उशी काढण्यास काहीच लागत नाही.

आता ह्या इतिहासाचा वनप्रदेशाशी संबंध कसा येतो ते पाहावयाचे. १९६४ पर्यंत ज्यास चांदा म्हणत तो जिल्हा वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती ह्या नद्यांनी वेढलेला व चिरलेला, विस्ताराने प्रचंड असा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन वैनगंगेपलीकडचा भाग गडचिरोली ह्या नावाने वेगळा झाला. त्याचा तीन चतुर्थांश भाग अरण्याने व्यापलेला आहे. दोन्ही जिल्ह्यांचा वैद्यकीय इतिहास मात्र एकसारखा नाही. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना व रेल्वे ह्यांमुळे पश्चिमेकडे वस्ती वाढली, डॉक्टर आले. पूर्वेस, अहेरी, एटापल्ली, भामरागड व सिरोंचा ह्या बाजूस, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अडलेल्या स्त्रीस खाटेची कावड करून चौघांनी नाल्यापार आणावे, हा प्रकार तेथे केवळ गतकाळातला नाही.

अशा प्रदेशात पाठीची भूल लोकप्रिय झाली ती रुग्णाच्या सुखासाठी नव्हे. क्लोरोफॉर्म व ईथर ह्यांना सतत नाडीवर बोट ठेवून बसणारा जाणता माणूस लागतो. गर्भवतीस पूर्ण बेशुद्ध करण्यात आणखी एक धोका असतो : पोटातील आम्लयुक्त अन्न घशातून फुप्फुसांत उतरणे. मेंडेल्सन ह्यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींतून अशी ६६ प्रकरणे वर्णिली, तेव्हापासून हे भय सर्वमान्य झाले. उपाशी नसलेली, कित्येक तास वेणा देऊन थकलेली, दूरवरून आलेली स्त्री हीच वनप्रदेशातील शस्त्रक्रियेची नेहमीची रुग्ण. तिच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा. पाठीच्या भुलेत तिचा श्वास तिचा तीच घेते, खोकला शाबूत राहतो, यंत्रे थोडी लागतात, आणि विजेचा खोळंबा झाला तरी सर्वनाश होत नाही. ही पद्धती निर्धोक आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. रक्तदाब एकाएकी उतरणे वा भूल अपेक्षेपेक्षा वर चढणे ह्यांना तोंड देता आलेच पाहिजे. पण उपलब्ध मार्गांत ती कमी वाईट होती.

ह्याच सुमारास इंग्लंडात तिची अप्रतिष्ठा झाली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. १९४७ मध्ये चेस्टरफील्ड येथील रुग्णालयात वूली व रो ह्या दोन रुग्णांना एकाच दिवशी पाठीची भूल दिल्यावर कायमचा पक्षाघात झाला. १९५३ मध्ये खटला चालला, १९५४ मध्ये अपील न्यायालयाने रुग्णालयास दोषमुक्त ठरविले, पण भय राहिलेच. आणि ब्रिटनमधील वैद्य अनेक वर्षे ह्या पद्धतीस बिचकत राहिले. श्रीमंत देशास ही चैन परवडली. जेथे दुसरा पर्यायच नव्हता तेथे चेस्टरफील्डची वार्ता पोहोचूनही फरक पडण्यासारखा नव्हता.

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले व विदर्भास भूलशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टर मिळू लागले; पण त्यांपैकी वैनगंगा ओलांडणारे विरळा. ह्या पार्श्वभूमीवर २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे ह्यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे आरंभिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पातील एक गोष्ट उठून दिसते. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असता ते सोडून तेथे गेले, आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांचे शिक्षण भूलशास्त्राचे होते. विजेवाचून चालविलेल्या त्या दवाखान्यात शस्त्र चालविणारा व भूल देणारी असे दोघेही असणे, हा योगायोगच म्हणावा लागेल. जिल्ह्यातील मोठमोठ्या शासकीय इमारतींना तो पुष्कळ वर्षे लाभला नाही. २००८ मध्ये ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्याचे इतर पैलू सर्वश्रुत आहेत. भूलशास्त्राच्या इतिहासात त्याची जी जागा आहे तिची दखल मात्र कमी घेतली गेली.

गरज किती होती, हे दुसऱ्या एका संस्थेच्या कामावरून कळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांचे प्रसूतीपासून पुढे घरोघरी निरीक्षण करविले व ते २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी तेथील बहुतेक प्रसूती घरीच होत. ह्या स्त्रियांपैकी शेकडा १७.७ जणींना प्रसूतिवेळी, आणि शेकडा ४२.९ जणींना प्रसूतीनंतर, काही ना काही विकार झाला; शेकडा १५.३ जणींना तातडीच्या प्रसूतिवैद्यकीय मदतीची आवश्यकता होती. ह्यांतील दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मूल जन्मले की संकट टळले, असे घरातले व रुग्णालयातलेही मानतात; प्रत्यक्षात सूतिकाकाळातील विकार प्रसववेळेच्या विकारांच्या दुपटीहून अधिक होते. बाळंतिणीस खाटेवर निजवून ‘आता काही करावयाचे उरले नाही’ असे मानणे ह्या प्रदेशात किती धोक्याचे, हे ह्यावरून दिसते.

तज्ज्ञांची उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एम.बी.बी.एस. डॉक्टरांस अठरा आठवड्यांचे भूल देण्याचे शिक्षण देण्याची योजना काढली. तिच्या अभ्यासात पाठीच्या भुलेस अर्थातच प्रमुख स्थान होते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि स्त्रिया रुग्णालयाकडे वळल्या. देशभरात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मधील शेकडा ८.५ वरून २०१५-१६ मध्ये १७.२ व २०१९-२१ मध्ये २१.५ वर गेले. ह्या वाढीच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत होय. प्रस्तुत मुद्दा इतकाच, की पाठीत सुई टोचली गेलेल्या बाळंतिणींची संख्या ह्या काळात कैक पटींनी वाढली, आणि उशी काढण्याची आज्ञाही तितक्याच पटींनी अधिक वेळा दिली गेली.

सुया कोणत्या होत्या, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. एकदाच वापरून टाकण्याच्या सुया सर्वत्र रूढ होण्यापूर्वी पोलादी सुया उकळून, परजून पुन्हा पुन्हा वापरीत. हाडास लागून वाकलेले टोक डोळ्यांस दिसत नाही. ते कापसावरून ओढून पाहावे लागे, आणि तंतू अडकला तर सुई टाकून द्यावी किंवा सहाणेवर धरावी लागे. असे आकड्यासारखे टोक आवरणातून बाहेर येताना छिद्र फाडीत येते. पुढे निर्जंतुक पाकिटातील सुया आल्या. त्यांतही कापणाऱ्या टोकाच्या स्वस्त असल्यामुळे त्याच अधिक प्रचलित राहिल्या, व तंतू बाजूस सारणाऱ्या टोकाच्या महाग म्हणून मागे पडल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रसूत स्त्रियांवरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार २७ क्रमांकाच्या व्हिटेकर सुईने डोकेदुखीचे प्रमाण शेकडा १.७ इतके खाली येते. उलट वेदनारहित प्रसूतीसाठी वापरावयाच्या जाड सुईने आवरण चुकून भेदले गेले तर निम्म्याहून अधिक, शेकडा ५२.१, स्त्रियांस ती होते.

नियम टिकण्याचे आणखी एक कारण रुग्णालयाबाहेर शोधले पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी शेतकरी कुटुंबांत बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, डोक्याला फडके बांधावे, खाटेखाली शेगडीचा शेक घ्यावा, वाऱ्यास उभे राहू नये, असा रिवाज. प्रसूतीनंतर डोके दुखले तर ‘वारे लागले’ म्हणावयाचे. डॉक्टरने सांगितलेली चोवीस तासांची निश्चलता ह्या समजुतीच्या साच्यात चपखल बसली. रुग्णालय आणि माजघर ह्यांचे क्वचितच इतके एकमत झाले असेल. माडिया व गोंड स्त्रियांची परिस्थिती वेगळी. बसून प्रसूत होणारी व थोड्याच दिवसांत पाण्यास, सरपणास निघणारी स्त्री उताणे निजून राहण्याच्या आज्ञेने बुजते, असे दिसले तर त्यास अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही. अर्थात तिचे लवकर कामास लागणे हा निसर्गाशी साधलेला मेळ आहे, अशी काव्यमय कल्पनाही करू नये. ते बव्हंशी गरजेने लादलेले असते. विश्रांती आणि निश्चलता ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिला पहिली हवी होती व ती घरी मिळाली नाही. दुसरी नको होती व ती रुग्णालयात मिळाली.

निश्चलतेची किंमत ह्या प्रदेशात अधिक का, ह्याचे उत्तर रक्तात आहे. गरोदरपणात व सूतिकाकाळात रक्त अधिक गोठणशील होते. पोटावरील शस्त्रक्रियेने ते भय वाढते. पाय न हलविल्याने पोटऱ्यांतील शिरांत रक्त साकळते, आणि एखादी गुठळी फुप्फुसात गेली तर क्षणार्धात मृत्यू ओढवतो. हे कोठेही खरे आहे. पण विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेल हा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीत लेहमन व कटबुश ह्यांना आढळला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व नोंदविले. आणि पुण्याचे डॉ. सुदाम काटे ह्यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांत माडिया, परधान इत्यादी जमातींत त्याचे वाहक शेकडा वीसहून अधिक असल्याचे दाखविले. ज्या स्त्रीस हा रोग प्रत्यक्ष आहे तिच्या तांबड्या पेशी पाणी कमी पडले, थंडी बाजली, रक्त संथ झाले, की कोयत्याच्या आकाराच्या होऊन वाहिन्या तुंबवितात. तिला पाणी पुरेसे न देता, हालचाल बंद करून, एक दिवस व एक रात्र उताणी निजवून ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. चोवीस तासांचा नियम ज्या शहरांत घडला, तेथील वैद्यांपुढे अशी स्त्री नव्हती.

दुसरी किंमत बालकास द्यावी लागते. मान न उचलणारी आई मुलास पाजू शकत नाही असे नाही. कुशीवर वळवून, मूल शेजारी देऊन ते साधता येते. पण ‘हलू नको’ ही आज्ञा मिळालेल्या स्त्रीस कुशीवर वळविण्याचे धाडस सासू करीत नाही, आणि मूल आजीच्या मांडीवर साखरेच्या पाण्यावर राहते. ज्या जिल्ह्यात घरोघरी नवजात बालकांची ऊब, स्तनपान व जंतुसंसर्ग ह्यांकडे लक्ष पुरवून ‘सर्च’ने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने खाली आणल्याचे १९९९ मध्ये जगास दाखविले, त्याच जिल्ह्यात पहिल्या दिवसाच्या दुधाचे मोल निराळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट निदानाची. बाळंतिणीचे डोके दुखते ते केवळ सुईमुळे नव्हे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा सर्वांत मोठा. प्रसूतीनंतरही आकडी येऊ शकणारा रक्तदाबाचा विकार आहे. मेंदूच्या शिरांत रक्त गोठण्याचा विकार सूतिकाकाळातच अधिक आढळतो. पहिला तापाने, दुसरा रक्तदाबाने ओळखावा. पण सुईच्या शिरोवेदनेची खरी खूण, उठल्यावर वाढणे व निजल्यावर शमणे, रुग्णास उठविल्यावाचून पाहताच येत नाही. लवकर उठविलेली स्त्री रुग्णालयातच कण्हते व तिची तपासणी होते. चोवीस तास निजविलेली पुष्कळदा घराच्या वाटेवर, गाडीच्या हिसक्यांत, डोके धरते. शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत भूल, शस्त्रक्रिया, आई व मूल ह्यांचे रकाने असतात; तिसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीसाठी रकाना नसतो.

नियमाविरुद्धचा पुरावा हळूहळू गोळा होत गेला. युद्धकाळातील खाटांच्या टंचाईने अमेरिका व युरोपात रुग्णांना लवकर उठविण्यास आरंभ झालाच होता. १९४७ मध्ये लंडनचे रिचर्ड ॲशर ह्यांनी निजून राहण्याच्या धोक्यांवर लिहिलेला लेख गाजला. पण कण्यात सुई टोचलेल्या रुग्णास ह्या चळवळीतून जणू वगळण्यात आले. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील कारबाट व व्हान क्रेव्हेल ह्यांनी मेरुद्रव तपासणी झालेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एकास चोवीस तास निजविले, दुसऱ्यास लगेच उठविले. डोकेदुखी दोन्ही गटांत सारखीच झाली, निजलेल्यांना फक्त उशिरा. कॉक्रेन संस्थेच्या २०१६ मधील समालोचनात आसन व पेयपाण्यावरील २४ चाचण्या व २९९६ रुग्ण होते. निजविण्याने प्रतिबंध होतो असा पुरावा मिळाला नाहीच, उलट निजविलेल्यांत डोकेदुखी किंचित अधिकच असावी असे दिसले. जास्तीचे पाणी वा सलाइन ह्यांचाही प्रतिबंधक उपयोग ठरला नाही. अर्थात सिकलसेलच्या रुग्णास पाणी द्यावयाचे ते ह्या कारणासाठी नव्हे. २०१९ मधील सिझेरियननंतरच्या शुश्रूषेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्त्रीस लवकर हिंडूफिरू देण्याची शिफारस आहे.

डोकेदुखी लागल्यावर काय करावे, हा भाग वेगळा, आणि तेथे बीअर ह्यांचे निरीक्षण अजूनही उपयोगी पडते. निजल्याने बरे वाटत असेल तर स्त्रीने निजावे. त्यात सक्ती नसावी, एवढेच. साध्या वेदनाशामक गोळ्या देता येतात. कॅफीनने काही काळ उतार पडतो, म्हणून कडक चहा ही अगदीच गावठी युक्ती म्हणता येत नाही. आठवडाभरात बहुतेकींची डोकेदुखी आपोआप थांबते. न थांबणाऱ्या तीव्र वेदनेवर १९६० मध्ये पेनसिल्व्हेनियातील गॉर्मली ह्यांनी सुचविलेला उपाय परिणामकारक आहे : रुग्णाच्याच शिरेतील रक्त निर्जंतुकपणे काढून आवरणाबाहेरच्या पोकळीत सोडावयाचे, म्हणजे ते गोठून छिद्रास थिगळ बसते. त्यांनी दोन-तीन मिलिलिटरच रक्त वापरले होते. १९७० मध्ये डीजिओव्हानी व डनबार ह्यांनी ते प्रमाण दहापर्यंत नेले. परंतु ह्यास सराईत हात हवा, आणि अंगात ताप असताना हा उपाय वर्ज्य आहे. हिवतापाच्या दिवसांत एटापल्लीकडील स्त्रीच्या बाबतीत ही अट किती वेळा आडवी येईल, हे सांगणे कठीण नाही.

चंद्रपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये मिळाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. म्हणजे बीअर ह्यांच्या नऊ दिवसांच्या डोकेदुखीनंतर सव्वाशे वर्षांनी भूलशास्त्राचा विभाग वैनगंगेच्या पूर्वेस आला. तेथे शिकणाऱ्यांच्या हाती कोणत्या टोकाची सुई पडेल हे औषधभांडाराच्या खरेदीवर अवलंबून राहील. बाळंतिणीचे पाय हलू लागल्यावर तिला उठवून बसविणे मात्र कोणत्याही खरेदीवर अवलंबून नाही. त्यास एक परिचारिका लागते, जी पहिल्या वेळी तिच्या काखेत हात घालून उभी राहील, आणि चक्कर आली तर तिला सावरील. रात्रपाळीस तीस खाटांमागे एकच परिचारिका असली, म्हणजे निजवून ठेवणे सोयीचे पडते.